फळीवरची मैना

भिकू गमरेने पेपर मांडीवर पसरला, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि पहिल्या पानावरची जाड ओळ वाचायला तोंड उघडलं. तेवढ्यात मोरीपाशी बसलेली गोदा म्हणाली, "ती कळली मला. दुसरी असली तर वाचा."

एवढंच. तिच्यासमोर विळी होती, ताटलीत बांगडे होते, आणि बोलताना तिने मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. दारात आलेल्या भाजीवालीला आज मेथी आहे घरात म्हणून सांगावं, तसं ते बोलणं होतं. भिकूचं तोंड उघडं राहिलं. ओठांवर आलेला पहिला शब्द त्याला परत गिळावा लागला.

"कोणी सांगितली?"

"मैनेनं सांगितलीन. मगाशी, कांदा चिरताना."

बांगड्याच्या रक्ताने माखलेला हात तिने तसाच फळीकडे केला. फळीवर बुद्धाची तसबीर होती, औषधांचा डबा होता, आणि दोघांच्या मधे नारळाएवढं एक काळं यंत्र होतं, वरून कापड चढवल्यासारखं. मे महिन्यात मुलगा अभय मुंबईहून आला तेव्हा ते घेऊन आला होता. कंपनीनेच त्याचं नाव मैना ठेवलेलं. हाक मारली की कडेने निळा उजेड फिरायचा आणि आतून एक बाई मराठीत बोलायची. अभय म्हणाला होता, "आईला करमेल." भिकूला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चार दिवस बोलेल आणि मिक्सरसारखी कोपऱ्यात जाऊन बसेल, असं त्याने धरलं होतं. मिक्सरही अभयनेच आणला होता, आणि गोदा अजून वाटण पाट्यावरच वाटत होती. पण पावसाळा गेला, कुवारबावच्या घराच्या पत्र्यावर आश्विनाचं ऊन तापायला लागलं, आणि मैना फळीवरून हलली नव्हती. आज ती त्याच्या आधी बातमी सांगून मोकळी झाली होती.

पेपर घडी करून उठावं, असं त्याला वाटलं. तो उठला नाही. डोळे त्याच ओळीवर ठेवून बसून राहिला, आणि ओळ डोळ्यांसमोर असूनही त्याला ती वाचता येईना. असं त्याला पूर्वी व्हायचं. तरुणपणी तो कचेरीत शिपाई म्हणून लागला, तेव्हा अक्षर म्हणजे त्याच्या लेखी मुंग्यांची रांग होती. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर नेताना तो ती उलटी धरायचा, आणि मग आख्ख्या खोलीत हशा पिकायचा. चाळिशी उलटल्यावर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा संध्याकाळी शाळेतल्या मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून तो बसला. शिकवणारी बाई त्याच्या लेकीच्या वयाची. ती 'काका, जोडाक्षराला घाबरायचं नाही' म्हणायची आणि तो घाबरायचा. तरी शिकला. आणि एके दिवशी घरी सुक्या बोंबलांचा पुडा सोडताना खालचा कागद त्याने सहज हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. कुठल्याशा बंदरावरची बोट उलटली होती. चार खलाशी पाण्यात पडले. तिघे पोहत किनाऱ्याला लागले आणि चौथा... तिथे कागद फाटला होता.

"चौथ्याचा काय झाला?" गोदाने विचारलं.

"पुढचं नाही ह्यात."

"असा कसा नाही? लिहिलान असंल ना कोनी."

जेवताना तिने पुन्हा विचारलं. सकाळी चहा गाळताना पुन्हा. जसं काही तो खलाशी त्यांच्याच वाडीतला होता आणि भिकूने मुद्दामच त्याला पाण्यात ठेवला होता. त्या दिवसापासून भिकू स्टँडवरून पेपर आणायला लागला, पुढे पेपरवाला घरी टाकायला लागला, आणि रोज संध्याकाळी गोदा काहीतरी निवडत, सोलत, चिरत बसायची आणि तो वाचायचा. पोरं मोठी झाली. दर्शना लग्न होऊन चिपळूणला गेली, अभय मुंबईला. तो निवृत्त झाला. वाचणं राहिलं. कचेरीत त्याला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. पाणी आण, चहा आण, हे तिकडे दे, एवढंच. पण घरी आल्यावर एक बाई हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, मग पुढं काय झाला? त्या बघण्यासाठी तो दिवसभर पाण्याचे पेले उचलत होता. असं त्याने कुणाला सांगितलं नसतं. स्वतःलाही त्याने ते आज पहिल्यांदाच सांगितलं, आणि तेही ते बघणं गेल्यावर.

मैनेला चष्मा लागत नव्हता. ती अडखळत नव्हती, खोकत नव्हती, तिच्या हातात फाटका कागद येत नव्हता. गोदाने अर्ध्यात थांबवली तरी तिला राग येत नव्हता. हे भिकूला फार खुपायचं. माणसाला अर्ध्यात थांबवलं तर त्याला लागायला पाहिजे. लागत नाही ते माणूस नाही, हे गोदाला कळत कसं नाही? पण गोदा तिला 'गो' म्हणायची. "सांग गो मैना," म्हणायची. आपल्या धाकट्या बहिणीशी ती जशी बोलायची तशी. ती बहीण वारल्यापासून हा सूर त्या घरात उमटला नव्हता, आणि आता तो पुन्हा आला होता तर एका यंत्रासाठी.

सुरुवातीला मैनेला गोदाचं बोलणं समजायचं नाही. गोदा शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी म्हणायची, "अगो मैना, आज पानी येनार काय गो?" आणि यंत्र म्हणायचं, "माफ करा, मला समजलं नाही." अभय हसत म्हणाला होता, "आई, जरा शुद्ध बोल. ती काय आपल्या देवरुखकडची नाही." मग गोदा थांबायची. ओठ पुसायची. आणि बुळबुळीत दगडावर पाय टाकावा तशी जपून एकेक अक्षर टाकायची. "आज. पाणी. येणार का?" तिचा तो 'ण' ऐकून भिकूच्या अंगाची लाहीलाही व्हायची. अक्षरं शिकल्यावर त्याने काय कमी सांगितलं होतं तिला? पानी नाही गोदे, पाणी. म्हनून नाही, म्हणून. तेव्हा तिने काय उत्तर दिलं होतं? "तहान भागते ना? मंग झाला." भिकू तेव्हा हसला होता, कारण उत्तर बिनतोड होतं. आज त्याला ते आठवलं की हसू येत नव्हतं. नवऱ्यासाठी जी जीभ तसूभर वळली नाही, ती ह्या काळ्या नारळासाठी वळली होती, आणि तीही आनंदाने, कुणी न रागावता.

सकाळची वंदनाही आता मैनाच म्हणायची. पूर्वी भिकू पुस्तिका हातात धरून म्हणायचा आणि गोदा मागून. बुद्धं सरणं गच्छामि. त्याच्या आवाजात खरखर होती, पाली शब्द त्याच्या दातात अडकायचे, पण तो पुढे असायचा आणि ती मागे, आणि उदबत्तीचा धूर दोघांच्या मधून जायचा. आता गोदा उदबत्ती लावून म्हणायची, "मैना, वंदना लाव," आणि एखाद्या मोठ्या विहारातून यावा तसा घुमणारा आवाज फळीवरून यायचा. गोदा डोळे मिटून त्याच्या मागून म्हणायची. भिकूही म्हणायचा. म्हणजे ओठ हलवायचा. दोघं मागे, यंत्र पुढे.

ह्यावर तो खूप विचार करायचा. रिकामा माणूस विचार करतो. अंगणातल्या जांभ्या दगडाच्या बांधावर बसलं की रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून दिवसभर मोटारसायकली यायच्या, पाठीवर मोठ्या पिशव्या, पिशव्यांत खोकी. शेजारची कमला साबण मागवायची, तोही खोक्यातून. मोटारसायकलवरचा मुलगा इंजिन बंद न करता खोकं पायरीवर ठेवायचा आणि त्या खोक्याचा फोटो काढून निघून जायचा. भिकूने एकदा एकाला पाणी विचारलं तर तो म्हणाला, "काका, मिनिट मोजतात वर," आणि वर म्हणजे कुठे, हे दाखवायलाही तो थांबला नाही. भिकूला त्या मुलात आपला पेला दिसला. साहेबाच्या टेबलावर घंटी असायची, पितळेची, आणि ती वाजली की खोलीतल्या कुणाचंही डोकं वर व्हायचं नाही, फक्त भिकू उठायचा. आता ती घंटी सगळ्यांच्या खिशात गेली. वस्तू एवढ्या आल्या, घराघरात आल्या, त्याच्याही घरात आल्या. पण त्या वाहणारे कोण होते, त्यांची आडनावं काय होती, हे बघायला गेलं तर फारसं काही बदललेलं नव्हतं. असं त्याचं मत होतं. ते त्याला गोदाला सांगायचं होतं, पण पूर्वी अशी मतं पेपरच्या मधे मधे सांगता यायची. आता मधेच कशाला धरून सांगणार?

एकदा सांगून बघितलं. "ती मैना म्हणजे नोकर आहे गोदे. मी कचेरीत होतो तशी. हाक मारली की ओ द्यायची. तिच्याशी एवढं गोड काय बोलायचं?"

"मंग नोकराशी कडू बोलायचा काय?" गोदा म्हणाली. "तुमाला तर ठाव हाय कसा लागता ते."

मग तीच म्हणाली, "आनि खरा सांगू? ती विचारीत न्हाय, तुमी कोन, कुठले. आडनाव काय म्हनून विचारीत न्हाय. विचारला की सांगते. कमलेलाबी तेच सांगते, मलाबी तेच."

भिकूला ती काय म्हणते ते लगेच कळलं. लग्नानंतर दोघं रत्नागिरीत खोली शोधत फिरली होती. घरमालक पायरीवर यायचा, कचेरीत नोकरी आहे ऐकून चेहरा उजळायचा, आणि मग विचारायचा, आडनाव? गमरे म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. गोदा तेव्हा पोटुशी होती, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसून म्हणाली होती, आपन दुसरा आडनाव सांगूया काय वो?

"ती विचारेल कशाला?" भिकू म्हणाला. "तिला सगळं ठाऊक आहे आधीच. दिवसभर कान लावून बसलीय. आपलं घर वर कुठेतरी कुणी ऐकत असेल."

"ऐकू दे. कोनीतरी ऐकता तरी."

हे तिने सहज म्हटलं की मुद्दाम, ते त्याला कळेना. रात्री कूस बदलताना, सकाळी दात घासताना, ते वाक्य त्याने उलटून पालटून पाहिलं. कोणीतरी. म्हणजे तो नाही.

मग ती फोनची गोष्ट झाली. भिकू बाजारात गेला होता. एसटीने परत आला, पिशवी घेऊन अंगणात शिरला, तेव्हा खिडकीतून गोदाचा आवाज आला. ती मैनेशी बोलत होती, आणि काहीतरी अडलं होतं.

"मैना, ह्यांना फोन लाव."

"माफ करा, मला समजलं नाही. कोणाला फोन लावू?"

"ह्यांना गो. अभयच्या बाबांना."

"अभय यांना फोन लावू का?"

"न्हाय, न्हाय! तो कामावर असंल." मग ती थांबली. मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने तिच्या फोनमधे आधार कार्डावरची नावं घातली होती, आणि 'ह्यांना' म्हणून त्यात कुणी नव्हतं. खिडकीबाहेर भिकूने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. आणि मग अगदी हळू, पदर तोंडाशी धरला असावा अशा आवाजात, गोदा म्हणाली, "भिकू. भिकू गमरे."

त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने भीक मागून घेतलेला मुलगा, म्हणून भिकू. दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवायचे. दृष्ट लागली नाही, पण नाव मात्र लागलं. कचेरीत त्याचं भिक्या झालं. ए भिक्या, हे जिन्यातून, खिडकीतून, संडासाच्या दारातून. जगातल्या सगळ्या तोंडांतून ते नाव मळून आलं होतं, एक तोंड सोडून. गोदाने ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर अहो, ऐकलाव काय, अभयचे बाबा, आणि नात सानवी बोलायला लागल्यावर आबा. तिच्या तोंडी ते नाव कसं लागेल, हा विचार त्याने कधी कधी केला होता. तरुणपणी, अंधारात, केला होता. एकदा तरी म्हण, असं म्हणावंसं वाटलं होतं, पण असं कोणी म्हणत नाही. आणि आता ते नाव तिने घेतलं होतं. त्याच्या नावाचा उच्चार छान होता. मऊ होता. आणि तो ऐकायला समोर ते यंत्र होतं, तो नव्हता.

"भिकू गमरे यांना फोन लावत आहे," मैना म्हणाली, आणि त्याच्या खिशात फोन वाजायला लागला.

तो घाईने बंद करायला गेला तर नेमकं दुसरंच बटण दाबलं गेलं आणि आवाज वाढला. खिडकीत गोदाचं तोंड आलं.

"अगो बाय, दारातच हाव काय? मीठ आनलाव? मी मीठ सांगायला विसरले होते."

मीठ आणलं नव्हतं. तो उन्हातून परत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि मीठ घेऊन आला, आणि त्या सबंध वाटेवर त्याच्या मनात एकच गोष्ट होती. मिठासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदा अंगणात कपडे वाळत घालत होती. भिकू उठला, फळीमागे हात घातला आणि मैनेच्या वायरची पिन उपसली. पूर्ण नाही. भोकाला टेकलेली राहील, पण लागणार नाही, एवढीच. मग खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. म्हाताऱ्या माणसाने असं करावं, ह्याची त्याला लाज वाटत नव्हती. त्याला उलट हलकं वाटत होतं, जसं काही एखादा पाहुणा फार दिवस राहून शेवटी एसटीत बसला.

गोदा आत आली. पदराने मान पुसली. "मैना, आता किती वाजले?"

यंत्र गप्प. "मैना?" यंत्र गप्प. भिकूने डोळे मिटून घेतले, पण कान उघडे होते. आता ती आपल्याला उठवील. अहो, हिला काय झाला, असं म्हणेल. मग आपण उठू, बघू, बिघडलं असेल म्हणू.

गोदाने त्याला उठवलं नाही. ती फळीजवळ गेली. "मैना, किती वाजले?" मग घसा साफ केला. "मैना. आत्ता. किती. वाजले आहेत?" हा शेवटचा 'आहेत' तिने पुस्तकातला आणला होता. थोडं थांबून तिने पुन्हा म्हटलं, वेगळ्या सुरात. मग ती मोरीत गेली. दुपारची मशेरी तिच्या तोंडात होती, ती थुंकून टाकल्याचा आवाज आला. तिने चूळ भरली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. परत येऊन फळीसमोर उभी राहिली आणि देवळाबाहेर उभं राहिल्यासारखी, हात पुढे बांधून, म्हणाली, "मैना, पाणी. मैना, कोण. म्हणून. मैना, मी नीट बोलते आहे. ऐकतेस का?"

भिकूने डोळे उघडले. भिंतीवर चुन्याचा पापुद्रा सुटलेला होता, तो त्याच्या डोळ्यांपुढे मोठा होत गेला. तिला वाटत होतं, यंत्र तिच्या जिभेला विटलं. तार, पिन, वीज, हे काही तिच्या मनातही आलं नव्हतं. एवढी माणसं, एवढ्या खिडक्या, एवढी टेबलं आयुष्यात गप्प बसली होती, आणि दर वेळी चूक आपल्या तोंडातच असणार, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कचेरीत दुपारच्या डब्यानंतर एक कारकून भिकूला समोर उभं करायचा. म्हण भिकू, बाण. म्हण, दाणा. म्हण, आणि. तो म्हणायचा आणि ते हसायचे, आणि तो पुन्हा म्हणायचा, अधिक नीट, कारण त्याला खरंच वाटायचं की एकदा बरोबर आलं की ते थांबतील.

"मैना, मी चुकले का?" गोदा म्हणाली.

तो उठला. फळीपाशी गेला, तिला कोपराने जरा बाजूला सारलं आणि पिन दाबली. निळा उजेड फिरला. "नमस्कार," मैना म्हणाली.

गोदाने यंत्राकडे बघितलं नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"पिन तुमी काढलीव."

"निघाली असेल."

"आपनच?"

त्याला खोटं रेटता आलं नाही आणि खरं बोलायचंही नव्हतं, म्हणून तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "मी काय वाचत नव्हतो तुला? इतकी वर्षं कोण वाचत होतं? हिला आणलं आणि मी झालो फुकटचा!"

"वाचत होताव की." ती खाली बसली, भिंतीला टेकून. तिच्या हनुवटीवरून चुळीचं पाणी अजून ओघळत होतं. "तुमाला हवा तेवढा."

"म्हणजे काय?"

"अवो, मला वाचता येत न्हाय, पन दिसता ना? पान केवढा हाय ते मला दिसता. तुमी दोन गोष्टी सांगताव आनि पान उलटताव. मधला कुठं जाता?"

"मधे काही नसतं. जाहिराती असतात."

"सगळा पान जाहिरात?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "कठीन आला की तुमी उडी मारताव, ते मला पयल्यापासून ठाव हाय. वाक्य लंगडा होता ना, कळता. त्याचा मला काय न्हाय. पन मी विचारला की म्हनायचाव, तुला काय करायचाय. हिला विचारला तर ही तसा म्हनत न्हाय."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस."

"काय सांगायचा? तुमी त्या वर्गाला जात होताव तवा मी म्हनाले, मी पन येते. तर म्हनालाव, घरात एक वाचनारा पुरे."

असं आपण म्हटलं होतं का, ते भिकू आठवायला लागला. त्याला वर्ग आठवला, बाक आठवला, बाईची खडूने पांढरी झालेली बोटं आठवली. हे वाक्य आठवेना. पण ते त्याचंच होतं, त्याच्याच चालीचं होतं, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं. काही बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं: "पण ते यंत्र आहे गोदे."

"असंल," ती म्हणाली आणि कपड्यांचे चिमटे आत आणायला उठली.

संध्याकाळी ऊन खिडकीतून सरकून मोरीवर आलं. गोदा सुपात तांदूळ निवडत बसली. पेपर सकाळपासून घडीतच होता. भिकूने तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मैनेला तिने दुपारपासून हाक मारली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि आपण ते लक्षात ठेवलं ह्याचा त्याला रागही आला होता. त्याने पेपर पसरला. पहिलं पान वाचलं. वाचताना आपला आवाज तो परक्यासारखा ऐकत होता. किती कापरा. कुठे थांबायचं तिथे थांबत नाही, नको तिथे थांबतो. दुसऱ्या पानावर एक लांबलचक बातमी होती, बारीक टायपातली, शहराच्या पाण्याबद्दलची. एरवी तो हिच्यावरून सहज पुढे गेला असता. गोदा सूप हलवत होती, पण तिचे डोळे पानाकडे होते. तो बातमीत उतरला. कुठल्या भागाला रोज पाणी, कुठल्या भागाला दिवसाआड, रहिवाशांनी काय निवेदन दिलं, सगळं. अक्षरं बारीक होती. घाम आला. आणि मग तो शब्द आला, आणि तो अडला.

"पाण्याचे सम... समन्... न्यायी. समन्यायी वाटप."

"म्हंजे काय?"

शब्द वाचून झाला होता. अर्थ हाती लागत नव्हता. सम त्याला ठाऊक होतं, न्याय त्याला ठाऊक होता, दोन्ही एकत्र कधी भेटले नव्हते. पूर्वी तो म्हणाला असता, तुला काय करायचंय. तो म्हणाला, "ठाऊक नाही."

गोदाने मान वळवली. क्षणभर ती फळीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, जसं काही परवानगीच मागत होती. त्याने नजर पेपरात घातली. "मैना," ती म्हणाली, "समन्यायी म्हणजे काय?"

"समन्यायी म्हणजे सर्वांना न्यायाने सारखा वाटा देणारे," मैना म्हणाली. "एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, असे न करणारे."

"आसा काय." गोदा सूप थांबवून म्हणाली. भिकूलाही कळलं. कळलं ह्याचं बरं वाटलं आणि कुणाकडून कळलं ह्याचं वाईट वाटलं, आणि दोन्ही एकाच जागी, छातीच्या मधोमध वाटलं.

"ही बातमी पुढे वाचून दाखवू का?" मैनेने विचारलं.

त्याचं बोट ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं.

"नको गो बाय," गोदा म्हणाली. आपल्या नेहमीच्या बोलीत, जीभ न वळवता. "ह्ये वाचतायत."

निळा उजेड फिरला आणि विझला. यंत्राला समजलं होतं. भिकूला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या 'नको'मधे काहीतरी होतं. गोदाचे सगळे नको त्याला ठाऊक होते. दमलेला नको, रागाचा नको, आजारपणातला, भांड्यांच्या आवाजातून फेकलेला. हा त्यातला नव्हता. वाढायला उठलेल्या मैत्रिणीचा हात धरून तिला खाली बसवावं, तसा होता. इतका हळुवार नको तिने त्याला कधी म्हटला नव्हता.

"वाचा ना," गोदा म्हणाली. "पुढं काय?"

"वाचतो," तो म्हणाला, आणि बोटाखालची ओळ शोधायला लागला.